देशांची समानता आणि माणसांची लोकशाही

'संयुक्त राष्ट्रांच्या कारभारात लोकशाही हवी' असं म्हणणारे दोघेजण बऱ्याचदा दोन वेगळ्या गोष्टी मागत असतात. एकाला देशादेशांत समानता हवी असते, दुसऱ्याला माणसामाणसांत.

आमसभेत १९३ देश आहेत आणि प्रत्येकाला एक मत. जेमतेम ११ हजार वस्तीचा तुवालू आणि १४० कोटींहून मोठा भारत, दोघांच्या मताचं वजन सारखंच. मला ही समानता मोलाची वाटते. समुद्राची पातळी वाढली तर तुवालूचं अस्तित्वच पणाला लागतं, आणि निव्वळ डोकी मोजली असती तर त्याचं म्हणणं कुणाच्या कानावरही गेलं नसतं. पण ही लोकशाही नव्हे. आमसभेतला प्रतिनिधी सरकार नेमतं. निवडणुका न घेणाऱ्या राजवटीचा माणूसही तितक्याच हक्काने मत देतो, आणि लोकनियुक्त सरकारचा प्रतिनिधी आला तरी त्या देशातल्या विरोधकांचा आवाज सभागृहात पोचत नाही.

सुरक्षा परिषदेतला पाच कायम सदस्यांचा नकाराधिकार काढा, किंवा भारताला आणि आफ्रिकी देशांना कायम जागा द्या, या मागण्या पहिल्या प्रकारातल्या. न्याय्यच आहेत. त्या मान्य झाल्या तरी जगातल्या एकाही मतदाराच्या हाती नवं मत येणार नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत तर दोन्ही तत्त्वं नाहीत. तिथे मतं मुख्यतः आर्थिक वजनावर ठरतात. मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक आहेत, त्यामुळे ती एकटी निर्णय अडवू शकते.

दुसऱ्या प्रकाराचा सर्वांत जवळचा नमुना म्हणजे युरोपीय संसद. १९७९पासून तिचे सदस्य थेट लोक निवडतात आणि ते देशवार नव्हे, तर विचारांच्या गटांनुसार बसतात. २०२४ साली ७२० जागांपैकी जर्मनीला ९६ आणि माल्टाला ६ मिळाल्या. माणशी हिशेब केला तर माल्टाच्या मतदाराला जर्मन मतदाराच्या कितीतरी पट वजन मिळतं. म्हणजे तिथेही लहान देशांना सांभाळून घ्यावंच लागलं.

संयुक्त राष्ट्रांसाठीही अशी लोकप्रतिनिधींची सभा असावी, असा प्रस्ताव आहे. सुरुवातीला ती सल्लागार असेल आणि त्या-त्या देशांच्या संसदांमधले सदस्य तिच्यात बसतील. थेट निवडणूक पुढे. संयुक्त राष्ट्रांची सनद, म्हणजे तिचा मूळ करार, बदलायची तर पाचही कायम सदस्यांची मान्यता लागते. पण सनदेच्याच २२व्या कलमानुसार आमसभा आपली सहायक मंडळं स्वतःच नेमू शकते, आणि समर्थकांची मुख्य भिस्त याच कलमावर आहे.