खालसा नागपूर आणि गहाण वऱ्हाड: गेमच्या नकाशात दोघांना एकच रंग देऊ नका

साम्राज्यशाहीच्या काळावर ग्रँड स्ट्रॅटेजी गेम (नकाशावर अख्खं राज्य चालवायचा खेळ) किंवा मॉड (तयार गेममध्ये केलेले बदल) बनवणारी आपल्या भागातली पोरं नकाशे दाखवायला आणतात, तेव्हा मी आधी वर्धा नदी शोधतो. अलीकडे पुलगाव, पलीकडे धामणगाव. अलीकडचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा, पलीकडचं वऱ्हाड हैदराबादच्या निजामाचं; ही वाटणी १८०३ च्या देवगावच्या तहापासूनची. आणि जवळजवळ प्रत्येक नकाशात १८५४ उजाडलं की दोन्ही तीर लाल, म्हणजे इंग्रजांच्या रंगाचे, होतात. ‘विदर्भ खालसा’ म्हणे! ही चूक नुसती रंगाची असती तर मी बोललो नसतो. तिच्यामुळे खेळाचे नियमच चुकतात.

खालसा म्हणजे काय, हे शाळेत झालंय. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले मुलगा मागे न ठेवता वारले, गव्हर्नर-जनरल डलहौसीने दत्तक मानला नाही, १८५४ मध्ये राज्य ईस्ट इंडिया कंपनीने घेतलं. भोसले घराण्यातल्या बांकाबाईंनी दाद मागितली, उपयोग झाला नाही. वाड्यातल्या चीजवस्तू लिलावात गेल्या. पटावरून एक राज्य उठलं. मालकी, कारभार, महसूल, तिन्ही एका झटक्यात हललं. कोडमध्ये दोन ओळींचं काम.

वऱ्हाडात कोणी वारलं नव्हतं, वारसाचा वाद नव्हता, लढाईही झाली नव्हती. तिथे होती हैदराबाद कंटिन्जंट ही फौज. पगार निजामाच्या तिजोरीतून, अधिकारी मात्र इंग्रज. खर्च ज्याच्या माथी, त्याचा फौजेवर हुकूम नाही. थकबाकी चढत गेली आणि मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब या फौजेच्या खर्चापोटी कंपनीच्या कारभारात दिले. मालकी निजामाकडेच राहिली.

ज्यांनी गावात ताबेगहाण पाहिलंय त्यांना हे चटकन कळेल. वावर सावकार पेरतो, पीक सावकार नेतो, पण कागदावर नाव मूळ कास्तकाराचंच असतं आणि तो धुऱ्यावर येऊन हिशेब मागू शकतो. म्हणून प्रांताच्या नोंदीत ‘मालक’ हा एकच रकाना ठेवून भागत नाही. मालकी कोणाची, कारभार कोणाचा आणि खर्च वजा जाता उरलेला पैसा कोणाचा, असे तीन रकाने लागतात. पहिले दोन बरेच जण करतात. खरा खेळ तिसऱ्यात आहे आणि तोच सगळे विसरतात.

१८५३ च्या तहात दर वर्षी हिशेब द्यायचा आणि शिल्लक निजामाला द्यायची असं ठरलं होतं. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले, सुमारे ५० लाखांचं कर्ज माफ झालं, पण त्या बदल्यात निजामाने वऱ्हाडचा हिशेब मागायचा हक्क सोडला. आता विचार करा: शिल्लक द्यायची आहे, खर्च किती करायचा ते मात्र कारभार करणाराच ठरवणार. प्रशासनाचा खर्च वाढला की शिल्लक आटते, आणि हैदराबादची तक्रार नेमकी हीच होती. गेममध्ये हा खर्चाचा स्लायडर (सरकवून कमीजास्त करायची पट्टी) इंग्रजांच्या हातात द्या आणि निजामाला तो नुसता दिसू द्या.

त्यातच गहाण मुलखाची किंमत वाढली. अमेरिकन यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५, वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावची शाखा सुरू झाली. १८७० च्या दशकात निजामाचे दिवाण सालारजंग यांनी फौजेच्या पगाराची रोख सोय करून देतो म्हणत वऱ्हाड परत मागितलं, ते मिळालं नाही. नियम असाच हवा: गहाण प्रांत जितका सुपीक होईल, तितकी तो सुटण्याची शक्यता कमी. १९०२ मध्ये निजामाने वर्षाला २५ लाखांवर वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्याने दिलं. तिथे स्लायडर काढा, ठरावीक रक्कम ठेवा. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं, तेही कारभारापुरतंच.

हे दाखवायला पट्टेरी रंग वापरतात, तो मला अजिबात पटत नाही. अशा गेममध्ये पट्टे म्हणजे युद्धातला ताबा. तो तह झाला की संपतो, इथे तर तहानेच ताबा सुरू झाला. आत कारभाऱ्याचा रंग आणि कडेला मालकाची जाड रेघ, एवढं पुरे. त्याहून वाईट ती १८५३ साली पडद्यावर उघडणारी खिडकी: ‘वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं’ आणि खाली एकच बटण. घटना लिहून ठेवू नका, यंत्रणा बांधा. लादलेली फौज, थकबाकी, मग मुलूख. ही साखळी तयार असली की दुसरं एखादं संस्थानही तिच्यात अडकू शकेल.

वऱ्हाडात रयतवारी (सारा थेट कास्तकाराकडून) आणि नागपूरकडे मालगुजारी (सारा गावच्या मालगुजारामार्फत), हा फरकही लोक खालसा-गहाणातून काढतात. त्याचा इथे संबंध नाही. वऱ्हाडची मोजणी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर झाली, म्हणून ती पद्धत. वेगळा नियम द्या आणि पुढे चला.

आणि निजामाची मालकी उरली म्हणून वऱ्हाडी प्रजा जास्त समाधानी दाखवू नका. शेतसारा दोन्ही तीरांवर इंग्रजांचा कारभारच वसूल करत होता, आणि १८९९-१९०० चा दुष्काळ दोन्हीकडे पडला. कास्तकाराला ना तहात विचारलं, ना खालसा करताना.

फरक दिसायला हवा तो हरणाऱ्याच्या चालींमध्ये. निजाम खेळणाऱ्याला शेवटपर्यंत चाली हव्यात: १९०२ पर्यंत शिल्लक मागणं, फौजेचं ओझं कमी करायची बोलणी, वऱ्हाड परत द्या म्हणून अर्ज. इतिहासात १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंगने मागणी ठाम फेटाळली, तरी १९३६ मध्ये पुन्हा करार करावाच लागला आणि निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ (बेरार म्हणजे वऱ्हाडच) हा किताब मिळाला. भोसले खेळणाऱ्याला १८५४ नंतर यातली एकही चाल देऊ नका.