सुई, ताण आणि टक्कल : डर्मारोलरमागची गोष्ट

टक्कल पडू लागलेल्या माणसाने दोन दिवस मोबाइलवर उपाय शोधले की तिसऱ्या दिवशी त्याला सुयांच्या रोलरची जाहिरात दिसतेच. त्या जाहिरातीत ज्या 'संशोधना'चा दाखला दिलेला असतो, ते बहुतेक वेळा आपल्या सायन रुग्णालयातलं असतं. डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ते प्रसिद्ध केलं. टक्कल पडत चाललेले १०० पुरुष घेतले. सगळ्यांना ५ टक्के मिनॉक्सिडिल, हे केसवाढीसाठी डोक्याला लावायचं औषध, दिवसातून दोनदा. निम्म्यांच्या डोक्यावरून त्याशिवाय आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटर सुयांचा रोलर फिरवला. बारा आठवड्यांनी ठरावीक जागेतले केस मोजले, तेव्हा नुसतं औषध लावणाऱ्यांचे सरासरी २२ केस वाढले होते, रोलरवाल्यांचे ९१.

जखमेतून केस उगवतात ही कल्पना मात्र बरीच जुनी. १९५४ मध्ये ब्रीडिस या संशोधकाने सशांच्या व्रणात नवी केसमुळं तयार झाल्याचं लिहिलं होतं. पण केसांची मुळं जन्माआधीच काय ती तयार होतात, नंतर एकही नवं नाही, हा समज इतका पक्का होता की ते निरीक्षण मागे पडलं. २००७ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॉर्ज कॉटसारेलिस यांच्या गटाने प्रौढ उंदरांवर ते पुन्हा दाखवलं. गंमत म्हणजे छोट्या जखमेत काही उगवत नव्हतं. जखम बऱ्यापैकी मोठी असली तरच तिच्या मधोमध कोवळी मुळं दिसत.

२०१५ मध्ये तर कॅलिफोर्नियातल्या चेंग-मिंग चुआँग यांच्या प्रयोगशाळेने उंदरांचे केस चक्क उपटले. योग्य दाटीने २०० उपटले, तर भोवतालचे न उपटलेलेही धरून १२०० पर्यंत उगवले. विरळ उपटले, तर काहीच नाही. दुखावलेली मुळं रासायनिक हाक देतात, रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात, आणि पुरेशी मुळं ओरडली तरच सगळी वस्ती जागी होते. २०१९ मध्ये दुसऱ्या एका गटाने उंदरांची कातडी काही दिवस ताणून धरली. तिथेही तेच : बेताच्या ताणाने केस आले, कमी किंवा अती ताणाने नाही.

अती ताणाचं काय होतं हे बायकांना प्रयोगशाळेशिवाय ठाऊक आहे. कचकचून वेणी घालणाऱ्यांचे कानशिलांवरचे केस आधी विरळ होतात. वैद्यकात याची नोंद विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाली, ग्रीनलंडमधल्या घट्ट केस बांधणाऱ्या स्त्रियांवरून. वेळेत बांधणं सैल केलं तर केस परततात. वर्षानुवर्षं ओढ राहिली तर मुळाच्या जागी व्रण होतो आणि मग परतीची वाट बंद.

'कवटीवरची कातडी घट्ट म्हणून टक्कल' असाही एक सिद्धांत आहे. मला तो पटत नाही. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवलं की वयात येण्याआधी खच्चीकरण झालेल्यांना टक्कल पडत नाही. त्यांच्यातल्या काहींना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दिल्यावर मात्र पडू लागतं. १९५९ मध्ये नॉर्मन ओरेंट्राइश यांनी डोक्यामागचे केस पुढच्या टकलावर लावले, ते तिथेही टिकले. कातडी तीच, तितकीच घट्ट.

चंपीचं काय? जपानमध्ये २०१६ साली ९ पुरुषांनी रोज ४ मिनिटं यंत्राने मालिश केली. २४ आठवड्यांत केसाची सरासरी जाडी ०.०८५ वरून ०.०९२ मिलिमीटर झाली. नऊ माणसांवरून तेलाची बाटली विकायला घेऊ नये, एवढंच.

उंदराची कातडी सैल असते आणि तिच्यावरचे केस लाटेसारखे एकदम उगवतात. आपल्या डोक्यावर प्रत्येक मुळाचं वेळापत्रक वेगळं. उंदरांचे आकडे माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत ते म्हणून. आणि घरच्या रोलरबद्दल एक : सायनच्या अभ्यासात कातडी किंचित लाल झाली की रोलर थांबवत, आणि त्यानंतर २४ तास मिनॉक्सिडिल लावू देत नसत. जाहिरातीत हे दोन्ही गळालेलं असतं.