बंदुकीचा काळा रंग रॉकेलनं उडतो?

यावल-रावेरकडे केळीच्या बागांत रानडुकरं शिरायला लागली की पीक संरक्षणाची परवान्याची बंदूक बाहेर निघते. सोबत सल्लाही मिळतो: "भाऊ, रॉकेल लावू नका, नळीचा काळा रंग उडतो." हे चुकीचं आहे.

नळीवरचा निळसर काळा थर म्हणजे रंग नव्हेच. तो पोलादाचाच ऑक्साइड, मॅग्नेटाइट, केसाहून कितीतरी पातळ. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांत तो विरघळत नाही. त्याला खातं आम्ल: लिंबू, चिंच, व्हिनेगर, गंज काढायचं औषध. आमच्या आजोबांनी एकदा पितळी तांब्यासारखी नळी चिंचेनं घासली होती. घोड्याजवळचा पांढरा पट्टा आजही तसाच आहे.

मग रॉकेलनं पुसल्यावर तांबूस डाग का पडतात? रॉकेलनं तेल धुऊन जातं. उघड्या पोलादाला पावसाळी हवा नि हाताचा घाम भिडला की गंज चढतो आणि तो थर उखडतो. म्हणून पुसल्याबरोबर तेलाचं फडकं फिरवाच.

लाकडी दस्त्याची भीती मात्र खरी. थिनरनं त्याचं पॉलिश उतरतं, तिथे थेंबही सांडू देऊ नका.