मराठवाड्यातून व्यावसायिक गोल्फपटू व्हायचंय? हँडीकॅपपासून टूर कार्डापर्यंतची प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रं

गोल्फमध्ये व्यावसायिक व्हायला पदवी लागत नाही, उंची-वजनाची अट नाही आणि कुठल्या सरकारी खात्याची परवानगीही नको. तरी आपल्याकडच्या मुलांची अडचण मैदानावर पोचण्याआधीच सुरू होते. नाव कुठे नोंदवायचं, अर्ज कोणाकडे करायचा आणि हौशी दर्जा नेमका कधी सोडायचा, हे सांगणारं जवळपास कोणी नसतं. हौशी म्हणजे ज्याला गोल्फवाले सरसकट 'अमॅच्युअर' म्हणतात तो दर्जा. तो घाईने घालवू नका, एवढं आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे येईल.

पहिली पायरी : हँडीकॅप

तुम्ही किती चांगलं खेळता याचा जगभर चालणारा आकडा म्हणजे हँडीकॅप. २०२० पासून सगळीकडे एकच जागतिक पद्धत आहे. कमाल हँडीकॅप ५४, आणि आकडा जितका खाली तितका खेळ चांगला. भारतात हौशी गोल्फचा कारभार १९५५ साली स्थापन झालेल्या इंडियन गोल्फ युनियनकडे आहे आणि हँडीकॅप तिच्याशी संलग्न क्लबमार्फत मिळतो. घराजवळच्या माळावर कितीही लांब चेंडू मारला, तरी स्कोअर क्लबमार्फत नोंदला गेला नाही तर तो धरला जात नाही.

सुरुवातीला एकूण ५४ होलचे (होल म्हणजे चेंडू घालायचा खड्डा आणि तिथवरचा पट्टा) स्कोअर पुरतात, म्हणजे १८ होलच्या तीन फेऱ्या. प्रत्येक स्कोअरकार्डावर मार्करची, म्हणजे तुमच्यासोबत खेळून तुमचा स्कोअर लिहिणाऱ्याची, सही हवी. हिशेब असा : समजा मैदानाचं कोर्स रेटिंग (शून्य हँडीकॅपच्या खेळाडूला लागणारे अपेक्षित फटके) ७१ आहे, स्लोप (इतरांना मैदान किती अवघड याचा आकडा) ११३, म्हणजे प्रमाणित, आहे आणि तुम्ही ९५ फटक्यांत फेरी संपवली. फरक आला २४. तीन फेऱ्यांमध्ये हाच सर्वांत कमी फरक असेल, तर त्यातून २ वजा करून सुरुवातीचा हँडीकॅप २२ मिळतो. फेऱ्या वाढत गेल्या की शेवटच्या २० पैकी सर्वोत्तम ८ धरल्या जातात. म्हणून वाईट फेरीचं कार्ड खिशात ठेवून घरी नेऊ नका, तेही जमा करा. आकडा खरा राहिला तरच पुढे उपयोगाला येतो.

मराठवाड्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत १८ होलचं मैदान नाही, त्यामुळे क्लब निवडताना प्रवासाचा विचार आधी करावा. नांदेड, लातूरकडच्यांना हैदराबाद सोयीचं : गोवळकोंड्याच्या नया किल्ला परिसरात मैदान आहे. बीड, धाराशिव, संभाजीनगरकडून पुणं बरं पडतं, तिथे येरवड्याला पूना क्लबचं मैदान आहे. ज्यांना मोठ्या क्लबची फी झेपत नाही, त्यांनी सिडकोचं खारघरचं मैदान पाहावं. ते सार्वजनिक आहे, पैसे भरून खेळता येतं. देवगिरी एक्स्प्रेस एका टोकाला मुंबई आणि दुसऱ्या टोकाला हैदराबादकडे नेते, ही आपल्या भागाची मोठी सोय आहे. क्लबमध्ये विचारताना 'मेंबरशिप केवढ्याला?' एवढंच विचारून थांबू नका. ज्युनिअर किंवा बाहेरगावच्या खेळाडूंसाठी वेगळं सदस्यत्व आहे का आणि त्यात हँडीकॅप मिळतो का, हे स्पष्ट विचारा.

कागदपत्रं : इथे सर्वांत जास्त वेळ जातो

इंडियन गोल्फ युनियनच्या स्पर्धा खेळायच्या तर खेळाडू म्हणून नोंदणी करावी लागते. जन्मदाखला, आधार किंवा पासपोर्ट, फोटो, क्लबचा हँडीकॅपचा पुरावा आणि अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांचं संमतीपत्र, एवढी फाइल कायम तयार ठेवा. ज्युनिअर स्पर्धा वयोगटानुसार होतात, म्हणून जन्मदाखल्याला पर्याय नाही असंच समजून चला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर विसंबू नका.

दाखला मिळतो तो जन्म जिथे झाला तिथे. हिंगोली जिल्ह्यातल्या गावचं मूल नांदेड शहरातल्या दवाखान्यात जन्मलं असेल, तर नोंद गावच्या ग्रामपंचायतीत नाही, नांदेड-वाघाळा महापालिकेत सापडेल. आपल्याकडे अनेकांच्या दाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो, कारण बारशाआधी नोंद झालेली असते. नोंदणीपासून १५ वर्षांच्या आत त्यात नाव घालून घेता येतं. मूल सातवी-आठवीत आहे तोवरच हे काम उरका. जन्माची नोंदच झाली नसेल आणि वर्षाहून जास्त काळ लोटला असेल, तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. त्यासाठी तहसील किंवा उपविभागीय अधिकारी कार्यालयात चौकशी करा आणि हाताशी भरपूर महिने ठेवा.

नावाचा गोंधळ हा दुसरा अडथळा. शाळेत आडनाव आधी, आधारवर नाव आधी, बँकेत वडिलांचं नाव फक्त अक्षरापुरतं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात जातं आणि स्वतःचं व वडिलांचं नाव एकत्र येतं. माझं ठाम मत आहे की आधी पासपोर्ट काढावा आणि त्यावर जसं नाव छापलंय तसंच, त्याच स्पेलिंगने, क्लबच्या नोंदीपासून स्पर्धेच्या अर्जापर्यंत सगळीकडे लिहावं. अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट साधारणपणे ५ वर्षं किंवा वयाची १८ वर्षं, यांतलं जे आधी येईल तोवर चालतो.

हौशी दर्जा कशाने जातो

हे नियम २०२२ च्या जानेवारीपासून बदलले आणि बरेच सोपे झाले. प्रायोजक घेता येतो, खर्चाला मदत घेता येते, जाहिरातही करता येते. गावातल्या एखाद्या उद्योजकाने किट आणि प्रवासखर्च दिला तर दर्जाला काही होत नाही. तो निःसंकोच घ्या.

दर्जा जातो तो या गोष्टींनी : हँडीकॅप न वापरता खेळलेल्या स्पर्धेत १,००० डॉलर किंवा ७०० पौंडांपेक्षा जास्त किमतीचं बक्षीस घेतलं, हँडीकॅपच्या स्पर्धेत रोख रक्कम घेतली, व्यावसायिक म्हणून स्पर्धेत उतरलात, पैसे घेऊन कोणाला गोल्फ शिकवलं, क्लबचा किंवा ड्रायव्हिंग रेंजचा (फटक्यांच्या सरावाच्या जागेचा) प्रोफेशनल म्हणून नोकरी धरली, किंवा व्यावसायिकांच्या संघटनेचं सदस्यत्व घेतलं. होल-इन-वनच्या, म्हणजे एकाच फटक्यात चेंडू होलमध्ये घातल्याच्या, बक्षिसाला मात्र मर्यादा नाही, होल किमान ५० यार्डांचा असला की झालं. शिकवणीचा नियम आपल्या मुलांना सर्वांत जास्त बाधतो. खर्च निघावा म्हणून रेंजवर दोन-चार मुलांना शिकवून पैसे घेतले की हौशी स्पर्धांचा रस्ता बंद होतो. दर्जा परत मिळवता येतो, पण त्यासाठी अर्ज करून थांबावं लागतं आणि ऐन उमेदीतले महिने वाया जातात. ज्यांना शिकवणंच करायचंय त्यांच्यासाठी नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचे प्रशिक्षक अभ्यासक्रम आहेत.

क्यू-स्कूल आणि टूर कार्ड

पुरुषांसाठी भारतातली मुख्य मालिका म्हणजे २००६ साली सुरू झालेली प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, म्हणजे पीजीटीआय. प्रवेश क्वालिफाइंग स्कूल, म्हणजे क्यू-स्कूलमधून मिळतो. नाव शाळेचं असलं तरी ती पात्रता स्पर्धा आहे : आधी प्राथमिक फेरी, मग अंतिम टप्पा, आणि ठरलेल्या क्रमांकापर्यंत आलेल्यांना कार्ड, म्हणजे टूरवर खेळण्याचा हक्क. ती बहुधा वर्षाच्या सुरुवातीला होते. त्या वर्षीच्या सूचनेत शुल्क, अटी आणि शेवटची तारीख दिलेली असते, ती शब्दन्‌शब्द वाचा. हौशी म्हणून क्यू-स्कूल खेळलात आणि कार्ड हुकलं, तर निव्वळ खेळल्यामुळे दर्जा जात नाही. अंगातलं पाणी जोखण्याची ही उत्तम संधी आहे. महिलांसाठी विमेन्स गोल्फ असोसिएशन ऑफ इंडियाची वेगळी टूर आहे आणि तिच्यात हौशी मुलींनाही खेळता येतं.

कार्ड मिळालं म्हणजे पगार सुरू झाला असं नाही. बहुतेक स्पर्धा चार दिवसांच्या असतात. दोन फेऱ्यांनंतर कट लागतो, म्हणजे मागे पडलेले गाळले जातात, आणि त्यात न बसलेल्याला त्या आठवड्याचा एक रुपयाही मिळत नाही. प्रवास, राहणं, कॅडी (किट वाहणारा मदतनीस), सगळं स्वतःचं. एक कोटींच्या स्पर्धेत विजेत्याला १५ लाख मिळतात, खाली मात्र रक्कम भराभर उतरते. म्हणून पहिल्या वर्षाचा खर्च हाताशी ठेवूनच दर्जा बदला, आणि पॅन व खेळाडूच्याच नावचं बँक खातं आधी उघडा.

कार्ड देताना घराणं पाहत नाहीत. दिल्लीत कॅडी असलेल्या अली शेर यांनी १९९१ आणि १९९३ ची इंडियन ओपन जिंकली. कोलकात्याच्या मैदानावर माळीकाम करणाऱ्याचा मुलगा एस.एस.पी. चौरसिया २०१६ आणि २०१७ असा सलग दोनदा त्याच स्पर्धेचा विजेता ठरला. महूच्या ओमप्रकाश चौहान यांनी २०२३ मध्ये पीजीटीआयच्या ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये, म्हणजे हंगामाच्या क्रमवारीत, पहिला क्रमांक मिळवला आणि त्यावर त्यांना युरोपातल्या डीपी वर्ल्ड टूरचं कार्ड मिळालं. तिथे दर आठवड्याला वेगळा देश, वेगळा व्हिसा. तेव्हा पासपोर्टची मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी उरली असेल तर हंगाम सुरू होण्याआधीच नूतनीकरणाचा अर्ज टाका, आणि व्हिसाच्या शिक्क्यांना जागा पुरावी म्हणून ६० पानांची पुस्तिका मागा.