बर्नार्ड बटलर : निर्मात्याच्या खुर्चीवरून झालेलं भांडण आणि त्यानंतरची तीस वर्षं

बर्नार्ड बटलरने 2024 मध्ये ‘गुड ग्रीफ’ हा एकल अल्बम काढला, तेव्हा त्याच्या आधीच्या एकल अल्बमला जवळपास पंचवीस वर्षं होत आली होती. मधल्या काळात तो हातावर हात ठेवून बसला होता असं अजिबात नाही. पण ब्रिटिश रॉकवरच्या बहुतेक लिखाणात त्याची ओळख एका ओळीत उरकली जाते : ‘स्वेड’ ऐन भरात असताना बँड सोडून गेलेला गिटारवादक. ती ओळ खोटी नाही. मात्र 1994 च्या उन्हाळ्यात भांडण नेमकं कशावरून पेटलं, हे ती सांगत नाही. ते नीट कळलं तर पुढचे चढउतार बरेचसे उलगडतात.

आधी त्या काळाविषयी थोडं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून ब्रिटनमध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांना वळसा घालून छोटी, स्वतंत्र लेबलं उभी राहिली. रफ ट्रेड, फॅक्टरी, नंतर क्रिएशन. यातूनच इंडी संगीत नावाचा प्रकार रुजला. रफ ट्रेडवरचा ‘द स्मिथ्स’ हा मँचेस्टरचा बँड त्यातला सर्वांत लाडका. त्याचा गिटारवादक जॉनी मार याने एक नवा नमुना घालून दिला. लांबलचक सोलो वाजवून टाळ्या घ्यायच्या नाहीत. अख्ख्या गाण्याची चौकट गिटारवर बांधायची. 1987 मध्ये ‘द स्मिथ्स’ फुटला आणि इंग्लंडभर शेकडो पोरं आपापल्या खोल्यांत मारचे तुकडे बसवत राहिली. लंडनमध्ये 1970 साली जन्मलेला बटलर त्यांतलाच एक. लहानपणी व्हायोलिन शिकलेला, क्वीन मेरी कॉलेजात इतिहास शिकायला गेलेला आणि तिथून लवकरच बाहेर पडलेला.

1989 मध्ये ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या साप्ताहिकात एक छोटी जाहिरात आली. लंडनमधल्या बँडला तरुण गिटारवादक हवा होता. आवडीच्या नावांत ‘द स्मिथ्स’, डेव्हिड बोवी, ‘पेट शॉप बॉइज’. वर ताकीद अशी, की वाद्यावरची हुशारी मिरवणारे नकोत. जाहिरात देणारे होते गायक ब्रेट अँडरसन, बासवादक मॅट ऑझमन आणि तेव्हाची अँडरसनची प्रेयसी जस्टिन फ्रिशमन. बटलर गेला आणि घेतला गेला. विनोदाचा भाग असा, की मिरवू नका म्हणणाऱ्या त्या बँडला त्या पिढीतला सर्वांत मिरवण्याजोगा गिटारवादक मिळाला.

पुढची अडीच-तीन वर्षं खडतर गेली. ड्रमवादक मिळेना म्हणून ड्रम मशीनवर भागवलं. ‘द स्मिथ्स’चा ड्रमवादक माइक जॉइस काही काळ येऊन वाजवून गेला, अखेर 1990 मध्ये सायमन गिल्बर्ट आला आणि टिकला. काही दिवस व्यवस्थापक होता रिकी जर्व्हेस, जो पुढे विनोदी मालिकांमुळे जगभर गाजला. 1991 मध्ये फ्रिशमन बाहेर पडली आणि तिने पुढे ‘इलॅस्टिका’ काढला. तिच्या जाण्याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. ती दुसरी गिटार वाजवायची. ती गेल्यावर मंचावर एकच गिटार उरली, आणि ताल, सुरांचं भरण, गाण्याची मुख्य धून असं सगळं एकट्या बटलरच्या हातात आलं. ‘स्वेड’च्या पहिल्या रेकॉर्डमध्ये गिटार सतत काहीतरी भरून काढते आहे असं जाणवतं, त्यामागे हेही एक कारण असावं.

ही गिटार म्हणजे लाल रंगाची गिब्सन ES-355. अर्धपोकळ खोड आणि पुलावर बिग्सबीचा दांडा, म्हणजे तारांचा ताण कमी-जास्त करून सूर हलवणारी दांडी. अशा गिटारला मोठ्या आवाजातल्या अॅम्प्लिफायरसमोर धरलं की आवाज परत तारांत शिरतो आणि सूर आपोआप घुमत राहतो. अनेक वादक ते टाळायला धडपडतात. बटलर मुद्दाम त्या काठावर उभा राहायचा, अंगाचा कोन बदलून घुमणारा सूर धरायचा आणि दांड्याने त्याला हेलकावे द्यायचा. ‘स्वेड’च्या ‘अॅनिमल नायट्रेट’ या गाण्याची सुरुवात ऐकली तर एवढ्याशा तुकड्यात हे सगळं सापडतं.

1992 च्या एप्रिलमध्ये ‘मेलडी मेकर’ने ‘स्वेड’ला मुखपृष्ठावर घेऊन ब्रिटनमधला सर्वोत्तम नवा बँड ठरवून टाकलं. तोपर्यंत बँडची एकही रेकॉर्ड बाजारात आलेली नव्हती. संगीत साप्ताहिकांची तेव्हा अशी वट होती. पहिलं सिंगल, म्हणजे सुटं विकलं जाणारं गाणं, ‘द ड्राउनर्स’ मे महिन्यात ‘न्यूड’ या छोट्या लेबलवरून निघालं. ‘न्यूड’च्या पाठीशी सोनीचं बळ होतं, म्हणजे नव्वदच्या दशकात इंडी हे अर्थकारणापेक्षा घराण्याचं नाव जास्त झालं होतं. मार्च 1993 मध्ये आलेला ‘स्वेड’ हा अल्बम ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला आणि जवळपास दहा वर्षांतला सर्वांत वेगाने खपलेला पहिलावहिला ब्रिटिश अल्बम ठरला. त्याच वर्षी त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला आणि बँडने ती रक्कम कर्करोगाच्या संशोधनासाठी देऊन टाकली. बटलर तेव्हा 23 वर्षांचा होता.

उतार लगेच सुरू झाला. अमेरिकेत ‘स्वेड’ला जम बसवता आला नाही. एका गायिकेने नावावर हक्क सांगितल्यामुळे तिथे त्यांना ‘द लंडन स्वेड’ या नावाने वावरावं लागलं. त्यांच्या आधी वाजवणारा आयरिश बँड ‘द क्रॅनबेरीज’ तिथे बघता बघता त्यांच्याहून मोठा झाला. याच सुमारास बटलरचे वडील गेले. बाकीचे तिघे यशाच्या नशेत, रात्री जागवणारे. हा शोकात, दारू-पार्ट्यांपासून लांब. दौऱ्यात तो बँडबरोबर प्रवासही करेनासा झाला. कधी टॅक्सीने जायचा, कधी ‘क्रॅनबेरीज’च्या बसमधून.

मुळात अँडरसन आणि बटलर यांची गाणी टपाली पद्धतीने बनत. बटलर घरी बसून अख्ख्या गाण्याचं संगीत कॅसेटवर रचायचा आणि अँडरसनकडे पाठवायचा. अँडरसन त्यावर शब्द आणि गायकी बसवायचा. जोवर एका खोलीत बसणं-उठणं होतं तोवर हे छान चाललं. दुसऱ्या अल्बमच्या वेळी अँडरसन हायगेटमधल्या एका जुन्या घरात जवळजवळ एकांतात राहत होता आणि दोघांमध्ये कॅसेटींखेरीज फारसं काही उरलं नव्हतं. गंमत म्हणजे या दुसऱ्या अल्बमची, ‘डॉग मॅन स्टार’ची, भव्यता याच तुटलेपणातून आली असं मला वाटतं. समोर बसून कोणी ‘आवर आता’ म्हणणारं नव्हतं, त्यामुळे बटलरची रचना लांबत, फुलत गेली.

नेमकी ठिणगी इथेच पडली. 1994 मध्ये किलबर्नच्या मास्टर रॉक स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू झालं. निर्माता, म्हणजे ध्वनिमुद्रण कसं व्हावं आणि रेकॉर्ड कशी ऐकू यावी हे ठरवणारा, होता एड ब्युलर, पहिल्या अल्बमचाच. ‘द अॅस्फाल्ट वर्ल्ड’ हे गाणं बटलरच्या मनात वीस-पंचवीस मिनिटांचं होतं, त्यात गिटारचाच कित्येक मिनिटांचा पट्टा. बाकीच्यांनी ते कापून साडेनऊ मिनिटांच्या आत आणलं. तेवढ्यावर भागलं असतं, पण बटलरचा ब्युलरच्या कामावरचाच विश्वास उडाला होता. गिटार जशी वाजते तशी ती टेपवर उतरत नाही, हे त्याचं गाऱ्हाणं. त्याने सरळ पर्याय ठेवला : ब्युलरला काढा, निर्मिती मी करतो, नाहीतर मी चाललो. त्याआधी त्याने ‘व्हॉक्स’ मासिकाला मुलाखत देऊन अँडरसनविषयी जाहीर नाराजीही व्यक्त केली होती, म्हणजे समेटाची वाट त्यानेच अरुंद केली होती. बँडने निर्मात्याची बाजू घेतली. जुलै 1994 मध्ये बटलर गेला. अल्बम त्याच्याशिवाय पुरा झाला.

ऑक्टोबरमध्ये आलेला ‘डॉग मॅन स्टार’ तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचला, पण ज्या वर्षी ‘ब्लर’चा ‘पार्कलाइफ’ आणि ‘ओएसिस’चा पहिला अल्बम दुमदुमत होता, त्या वर्षी हा काळोखा, वाद्यवृंदाने जड झालेला अल्बम कुणाला फारसा पेलला नाही. त्याची थोरवी लोकांना पुढे हळूहळू पटली. बँडने रिचर्ड ओक्स नावाचा 17 वर्षांचा पोरगा घेतला. त्याने पाठवलेली टेप वाजत होती तेव्हा गिल्बर्टला ती आपल्याच बँडची जुनी टेप वाटली होती. याच ओक्सला घेऊन केलेला ‘कमिंग अप’ 1996 मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्यातली पाचही सिंगल्स पहिल्या दहांत पोचली. बटलरसाठी याहून बोचरं काय असणार? पण निव्वळ आकडे बघून ‘बँडचंच बरोबर होतं’ म्हणणारे एक विसरतात, की ‘कमिंग अप’ची छोटी, चटकदार गाणी बटलरला करायचीच नव्हती.

त्याला काय करायचं होतं, ते 1995 च्या मे महिन्यात कळलं. डेव्हिड मॅकअल्मंट या उंच पट्टीत लीलया फिरणाऱ्या गायकाबरोबर त्याने ‘येस’ हे सिंगल काढलं. तंतुवाद्यांच्या लाटा, साठच्या दशकातल्या सोल संगीताचा थाट आणि त्यावर स्वार झालेला आवाज. ते आठव्या क्रमांकावर गेलं. ब्रिटिश पॉपमध्ये त्या दशकात इतकं खुल्या गळ्याचं गाणं क्वचितच झालं असेल. पण ही जोडीही टिकली नाही. वर्षअखेरीस अल्बम दुकानात आला तेव्हा दोघांचं बोलणं बंद झालं होतं. 1996 मध्ये बटलर ‘द व्हर्व्ह’ या बँडमध्ये जेमतेम काही दिवस डोकावून परतला. वर्षभराने त्याच बँडचा ‘अर्बन हिम्स’ प्रचंड चालला.

मग क्रिएशन लेबलवर एकल कारकीर्द. 1998 चा ‘पीपल मूव्ह ऑन’ चांगलाच गाजला, त्यातलं ‘स्टे’ बाराव्या क्रमांकावर गेलं. इथे निर्माता तो, गीतकार तो, बहुतेक वाद्यं त्याचीच आणि पहिल्यांदाच मुख्य गायकही तोच. गिटार वाजवताना दिसणारी बेफिकिरी त्याच्या गाण्यात नव्हती. आवाज जपून, सांभाळून लागलेला. पुढच्याच वर्षीचा ‘फ्रेंड्स अँड लव्हर्स’ पडला, क्रिएशन बंद झालं, आणि तिशीत शिरता शिरता बटलर लेबलविना, बँडविना उरला. त्याच्या कारकिर्दीतला खरा तळ मी 1994 ला नाही, इथे मानतो. 1994 मध्ये निदान सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे होतं.

यातून त्याला वर काढलं ते निर्मात्याच्या ज्या खुर्चीसाठी तो भांडला होता त्याच खुर्चीने. ‘द लिबर्टीन्स’चं पहिलं सिंगल ‘व्हॉट अ वेस्टर’ 2002 मध्ये त्याने केलं. पुढच्या वर्षीचं ‘डोन्ट लुक बॅक इंटू द सन’ही त्याचंच. या बँडमधल्या दोन मित्रांची आपसातली तेढ तेव्हा वर्तमानपत्रांपर्यंत पोचलेली. एकमेकांवर जीव टाकणारे आणि एकमेकांना सहन न होणारे गायक-वादक स्टुडिओत कसे वागतात, याचा बटलरइतका अनुभव दुसऱ्या कुणाला असणार! मॅकअल्मंटशीही पुन्हा जुळलं आणि 2002 मध्ये ‘ब्रिंग इट बॅक’ आला.

‘स्वेड’ 2003 मध्ये थांबला आणि अँडरसनने बटलरशी पुन्हा संपर्क साधला. दोघांनी ‘द टिअर्स’ नावाचा नवा बँड काढला. 2005 मध्ये ‘रेफ्युजीज’ हे सिंगल नवव्या क्रमांकावर गेलं, अल्बमही बरा झाला, पण जुन्या आठवणींचं ओझं त्याला झेपलं नाही आणि वर्षभरात तेही गुंडाळलं गेलं. या वेळी निर्माता बटलरच होता, हे जाता जाता नोंदवायला हवं. 2010 मध्ये ‘स्वेड’ पुन्हा एकत्र आला तेव्हा गिटार ओक्सकडेच राहिली.

सर्वांत मोठं व्यावसायिक यश मात्र गिटारमुळे आलंच नाही. उत्तर वेल्समधल्या नेव्हिन गावची डफी ही गायिका रफ ट्रेडच्या जेनेट लीमार्फत त्याच्याकडे आली. तिला साठच्या दशकातलं संगीत ऐकवत, सावकाश गाणी रचत त्यांनी काही वर्षं काम केलं. 2008 चा ‘रॉकफेरी’ ब्रिटनमध्ये त्या वर्षी सर्वांत जास्त खपलेला अल्बम ठरला, त्याला ग्रॅमी मिळालं, आणि 2009 मध्ये बटलरला सर्वोत्तम निर्मात्याचा ब्रिट पुरस्कार. शीर्षकगीत त्याचं, जगभर वाजलेलं ‘मर्सी’ मात्र दुसऱ्याच निर्मात्याचं. डफीचा पुढचा अल्बम बटलरशिवाय झाला आणि पहिल्याच्या जवळपासही पोचला नाही. 1996 मध्ये ‘कमिंग अप’ बटलरशिवाय गाजला होता, त्याच्या बरोबर उलटा हिशेब.

2022 मध्ये आयरिश अभिनेत्री जेसी बकली हिच्याबरोबरचा त्याचा अल्बम मर्क्युरीच्या अंतिम यादीत आला. ‘स्वेड’च्या पुरस्कारानंतर 29 वर्षांनी. त्याच सुमारास ‘पीपल मूव्ह ऑन’ची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा त्याने सगळी गाणी पुन्हा नव्याने गायली. पन्नाशी ओलांडल्यावर आपला गळा कुठे बसतो हे त्याला कळलं होतं, म्हणून तरुणपणीच्या संगीतावर त्याने आताचा, खालच्या पट्टीतला, भरदार आवाज चढवला. ‘गुड ग्रीफ’मध्ये तोच आवाज आहे आणि गिटार बऱ्याच वेळा त्याच्या मागे उभी राहते. 2025 मध्ये ‘टीनएज फॅनक्लब’चा नॉर्मन ब्लेक आणि स्कॉटिश गायक जेम्स ग्रँट यांच्याबरोबर त्याने एक अल्बम काढला. त्यात तिघेही गातात आणि तिघेही गिटार वाजवतात.