पार्श्वभूमी : शीतगृहातला बॉक्स नेमका कुठे?

एप्रिल-मे आला की तासगाव-कुपवाडच्या शीतगृहांतले चेंबर बेदाण्याच्या १५-१५ किलोच्या बॉक्सनी भरत जातात. सौद्याला काढायचा लॉट कोणत्या थप्पीत, हे पावती आणि हमालाची आठवण यांच्यावर चालतं. बॉक्सला रेडिओ टॅग लावून जागा पडद्यावर बघावी, हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात जागचा न हललेला टॅग पडद्यावर मिनिटभरात तीन थप्प्या फिरून येतो आणि 'वाय-फायमुळे गडबड होतेय' असं निदान होतं. हे निदान अर्धंच खरं आहे. या कामात त्रास देणारी कारणं दोन आहेत, आणि त्यांचे उपाय वेगवेगळे आहेत.

मे २०००मध्ये अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि उघड्यावरचा प्रश्न बराचसा सुटला. पत्र्याच्या आत मात्र उपग्रहाचा क्षीण संदेश पोचत नाही. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातले परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी 'रडार' नावाची पद्धत मांडली. इमारतीत जागोजागी वाय-फायची तीव्रता आधी मोजून नकाशा करायचा, मग नवं मोजमाप त्याच्याशी ताडून जागा ओळखायची. चूक साधारण दोन-तीन मीटर. कार्यालयासाठी हे उत्तम होतं. पण शीतगृहात रिकाम्या चेंबरचा नकाशा पहिल्या चार गाड्या उतरल्या की जुना होतो. वाळलेल्या बेदाण्यातही पाणी उरलेलं असतं आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ते शोषतं.

तीव्रतेवरून थेट अंतर काढण्याची वाट याहून घसरडी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की तीव्रता ६ डेसिबलने उतरते. म्हणजे मोजणीत ६ डेसिबल चुकले की ५ मीटरचे १० मीटर होतात. शीतगृहाच्या भिंतींच्या पफ पॅनेलला (थंडी टिकवणाऱ्या फोमच्या फळीला) दोन्ही अंगांनी पत्रा असतो. थेट आलेली लहर आणि पत्र्यावरून परतलेली लहर एकमेकींत मिसळतात. तरंगलांबी जेमतेम १२.५ सेंटीमीटर असल्याने बॉक्स दोन बोटं सरकवला तरी तीव्रता १० डेसिबलने पडू शकते. इथं वाय-फायचा काही संबंध नाही. टॅगचाच प्रतिध्वनी त्याला फसवतो.

खऱ्या व्यत्ययाची गोष्ट निराळी. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा १९४७च्या अटलांटिक सिटी परिषदेपासून औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय उपकरणांसाठी राखला गेला. मायक्रोवेव्ह ओव्हन २४५० मेगाहर्ट्झवर चालतो तो म्हणूनच. भारतात कमी शक्तीच्या उपकरणांना इथं २००५पासून परवाना लागत नाही, त्यामुळे राउटर, बिनतारी कॅमेरे, ब्लूटूथ सगळे इथंच दाटीवाटीने बसले. ब्लूटूथने २००३मध्ये गजबजलेल्या वाहिन्या टाळून उड्या मारायची सोय केली. २०१०च्या कमी ऊर्जेच्या आवृत्तीत टॅगची हाक, म्हणजे 'मी इथं आहे' हा संदेश, तीनच ठिकाणी ठेवली : २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ. वाय-फायच्या १, ६, ११ या वाहिन्यांच्या कडेच्या आणि मधल्या फटीत त्या बरोबर बसतात. पण ऑफिसमधला राउटर 'ऑटो'वर असेल आणि तो ३ किंवा ४ वर गेला, तर २४२६ त्याच्याखाली दबते. म्हणून पहिलं काम म्हणजे आवारातले सगळे राउटर हाताने १, ६ किंवा ११ वर बांधून टाकणं.

व्यत्ययामुळे मुख्यतः संदेश हरवतात आणि पडद्यावर शिळी जागा दिसत राहते. प्रतिध्वनीमुळे संदेश पोचतो, पण अंतर चुकतं. पहिल्यावर उपाय म्हणजे हाक जास्त वेळा मारणं. दुसऱ्यासाठी तिन्ही वाहिन्यांचे आकडे एकत्र न कालवता वेगळे ठेवावेत आणि प्रत्येकाच्या पाच-सात वाचनांतलं मधलं मूल्य घ्यावं. सरासरी घेतली तर एकच खोल खड्डा सगळं बिघडवतो. एवढं करूनही चूक मीटरांतच राहते.

ती सेंटीमीटरवर आली तीव्रता सोडून वेळ मोजायला लागल्यावर. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जाते. वाय-फायच्या २० मेगाहर्ट्झ रुंदीत १५ मीटरपेक्षा कमी फरकाचे दोन मार्ग एकमेकांत मिसळून जातात, ५०० मेगाहर्ट्झमध्ये ही मर्यादा ६० सेंटीमीटरवर येते. अमेरिकेने २००२मध्ये ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झमध्ये अतिरुंद पट्ट्याला (अल्ट्रा-वाइडबँड) मुभा दिली, २००७मध्ये त्यासाठी ८०२.१५.४ए हे मानक आलं, आणि २०१९मध्ये हे तंत्र आयफोन ११मध्ये पोचलं. इथं सर्वांत जोरदार लहर शोधायची नसते, सर्वांत आधी आलेली शोधायची असते. ती दुबळी असली तरी सरळ वाटेने आलेली असते.

यातही घड्याळ दगा देतं. टॅग आणि भिंतीवरचा अँकर (जागा ठरलेलं, टॅगशी बोलणारं यंत्र) यांच्या घड्याळाच्या स्फटिकांत दशलक्षात २० भागांचा फरक असेल आणि उत्तर द्यायला ३०० मायक्रोसेकंद लागत असतील, तर संदेश जाऊन उत्तर येईपर्यंतचा वेळ धरणाऱ्या साध्या जा-ये मोजणीत ९० सेंटीमीटरची चूक येते. म्हणून दोन्ही बाजूंनी फेरी मोजणारी पद्धत वापरतात, तिच्यात ही चूक जवळजवळ पुसली जाते. थप्पीआडून मोजलेलं अंतर मात्र नेहमी जास्तच येतं, कमी कधी नाही. चार अँकरपैकी एकाचं अंतर बाकीच्यांशी जुळत नसेल आणि लांब दिसत असेल, तर आकडेमोडीत त्याचा भार कमी करावा.

सप्टेंबर २०२४च्या ब्लूटूथ ६.०ने स्वस्त टॅगलाही याच वाटेवर आणलं. एक-एक मेगाहर्ट्झच्या ७२ वाहिन्यांवर लहरीची कला (फेज, म्हणजे लहर तिच्या चढ-उतारात कुठे आहे ते) मोजून ही आवृत्ती अरुंद वाहिन्यांतून रुंद पट्टा जोडते. त्यांतल्या काही वाहिन्या वाय-फायने खाल्ल्या तरी उरलेल्यांवर अंतर निघतं.

बसवताना अँकर बाष्पकापासून (चेंबर गार करणाऱ्या पंख्याच्या युनिटपासून) आणि पत्र्यापासून निदान हातभर दूर, थप्पीच्या माथ्याच्या वर, मधल्या बोळाकडे तोंड करून लावावेत. संदेशाला अँटेनातून जायला लागणारा वेळ टेबलावर मोजून भागत नाही. चेंबर ४ अंशांवर आल्यावर, टेपने मोजलेल्या १० मीटरवर टॅग ठेवून तो पुन्हा जुळवावा लागतो.