लेझर कटिंगसाठी ड्रॉइंग पाठवताना: लिब्रेकॅडमध्ये अचूक लांबीची रेष कशी काढावी

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे पत्रा कापायला येणाऱ्या ड्रॉइंगमध्ये एक गोष्ट वारंवार दिसते. रेषेवर माप १५० लिहिलेलं असतं, पण रेष प्रत्यक्षात १४९.३७ असते. माउसने अंदाजे रेष ओढायची आणि मग डायमेन्शनचा आकडा हाताने बदलून १५० करायचा, यातून हे होतं. असं ड्रॉइंग छापून फॅब्रिकेटरच्या हातात दिलं तर निभावतं, कारण तो आकडा वाचतो आणि टेप लावून खूण करतो. लेझर मशीन आकडा वाचत नाही. डीएक्सएफ फाइलमध्ये (ड्रॉइंग साठवण्याचा फाइलचा प्रकार) रेषेची दोन टोकं जिथे नोंदलेली असतात, तिथून तिथपर्यंत ते कापतं. म्हणून लांबी रेषेतच बरोबर असायला हवी, आणि त्यासाठी ती ओढण्याऐवजी टाइप करायला हवी.

कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांतल्या लहान वर्कशॉपमधून आमच्याकडे कामं येतात. तिथे महागडं सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. लिब्रेकॅड हे ड्रॉइंग काढण्याचं सॉफ्टवेअर मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं, आणि सपाट पत्र्याच्या कामाला पुरेसं आहे. ते फाइल डीएक्सएफमध्येच सेव्ह करतं, म्हणजे आम्हाला लागते तीच फाइल तयार होते.

सुरुवात करण्याआधी

नवीन ड्रॉइंग उघडलं की 'करंट ड्रॉइंग प्रेफरन्सेस'मध्ये 'युनिट्स' या टॅबवर मुख्य एकक मिलिमीटर ठेवा. हे पहिल्याच मिनिटाला करा. अर्धं ड्रॉइंग इंचात काढून मग एकक बदललं तर आधीच्या रेषा आपोआप मोठ्या होत नाहीत. ६ इंच म्हणून काढलेली रेष ६ मिलिमीटरची राहते. तसं झालंच तर सगळं निवडून 'मॉडिफाय'मधल्या 'स्केल'ने २५.४ पट करा. इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, हे १९५९ साली ठरलेलं आहे. २५ धरून चालणारे बरेच जण आहेत. ३८ इंच २ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मापावर त्याने १५ मिलिमीटरहून जास्त फरक पडतो.

ड्रॉइंग नेहमी एकास एक काढा. भाग दोन मीटरचा असला तरी रेष २००० चीच. कागदावर मावण्याचा प्रश्न छपाईच्या वेळी सोडवायचा असतो.

आणखी एक गोष्ट. या पत्रकात आकडे मराठीत छापले आहेत, पण टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा. दशांशासाठी टिंब वापरा, स्वल्पविराम नको. स्वल्पविराम इथे आडवं आणि उभं अंतर वेगळं करतो. हिशेबाच्या सवयीने कोणी @१,२०० लिहिलं तर बाराशेची रेष येत नाही. १ मिलिमीटर उजवीकडे आणि २०० वर गेलेली रेष येते.

माप टाइप करण्याची पद्धत

'लाइन' मेनूमधून 'टू पॉइंट्स' निवडा. खाली किंवा बाजूला कमांड लाइनची पट्टी दिसते, तिथे क्लिक करा. आता पहिला बिंदू ०,० लिहून एंटर दाबा. पुढे @१५०,० लिहून एंटर दाबलं की उजवीकडे जाणारी बरोबर १५० ची रेष तयार होते. @ या खुणेचा अर्थ 'मागच्या बिंदूपासून'. तो मागचा बिंदू पडद्यावर लाल गोल-फुलीने दाखवलेला असतो, त्यावर नजर ठेवा. उजवीकडे आणि वर जायचं तर आकडे साधे, डावीकडे आणि खाली जायचं तर वजा.

@ विसरलं की तोच आकडा पानाच्या मूळ बिंदूपासून मोजला जातो. पहिली रेष ०,० पासून असेल तर चूक दिसतही नाही, आणि म्हणूनच ती पुढे सरकते. समजा तुम्ही १५,० वर आहात आणि १३५ ची रेष हवी आहे. @१३५,० लिहिलं तर १३५ ची रेष येते. नुसतं १३५,० लिहिलं तर रेष १३५ या जागेवर संपते आणि तिची लांबी १२० भरते.

तिरकी रेष कोनावर हवी असेल तर @१००<४५ असं लिहा: लांबी १००, कोन ४५ अंश. शून्य अंश उजवीकडे, आणि कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वाढतो. म्हणजे सरळ वर ९०, डावीकडे १८०, सरळ खाली २७०.

माप इंच-सुतात आलं असेल तर कॅल्क्युलेटर शोधू नका. कमांड लाइन गुणाकार स्वतः करते. ३८ इंच २ सूत म्हणजे सव्वाअडतीस इंच, @३८.२५*२५.४,० लिहा, रेष ९७१.५५ ची येईल. एक सूत म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. गुणाकार सॉफ्टवेअरवर सोपवला की मध्ये कुठे आकडा गोल होत नाही.

ज्यांना टाइप करणं नको वाटतं त्यांच्यासाठी 'लाइन' मेनूमध्ये 'हॉरिझॉन्टल', 'व्हर्टिकल' आणि 'अँगल' ही साधनं आहेत. वरच्या पट्टीत लांबी भरायची आणि सुरुवातीची जागा क्लिक करायची. चार-दोन सुट्या रेषांना ते बरं. पूर्ण भाग काढायचा असेल तर टाइप करणंच लवकर उरकतं.

एक गसेट पूर्ण काढून पाहू

कॉलम-बीमच्या कोपऱ्यात बसणारी त्रिकोणी गसेट प्लेट घ्या: एक बाजू १५०, दुसरी १००, आणि काटकोनाचा कोपरा १५ बाय १५ कापलेला, म्हणजे वेल्डिंगला वाट राहते. कमांड लाइनवर क्रमाने १५,० मग @१३५,० मग @-१५०,१०० मग @०,-८५ लिहा आणि प्रत्येक वेळी एंटर दाबा. शेवटची रेष मोजायची नाही. 'क्लोज' हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दिलं की सुरुवातीच्या बिंदूपर्यंत रेष आपोआप जाते आणि आकार बंद होतो.

तिरक्या बाजूची लांबी आपण कुठेच लिहिली नाही, हे मुद्दाम आहे. ती १८०.२७७५ आणि पुढे न संपणारे आकडे अशी आहे. कोणी ती १८०.३ आणि कोन ३३.७ अंश असा गोल करून काढला, तर टोक दुसऱ्या बाजूला भिडत नाही, सुमारे ०.०४ मिलिमीटरची फट राहते. डोळ्याला काहीच दिसत नाही. पण मशीनचं सॉफ्टवेअर त्या आकाराला उघडा समजतं. मग आतली बाजू कोणती, बाहेरची कोणती हे त्याला ठरवता येत नाही आणि तुमचं काम फाइल दुरुस्तीसाठी थांबतं. कापाची स्वतःची रुंदी असते. ती भागाच्या बाहेर सोडायची की आत, हे बंद आकारावरूनच ठरतं. त्यामुळे शेवटचा बिंदू नेहमी 'क्लोज'ने जोडा, किंवा 'स्नॅप ऑन एंडपॉइंट्स' (क्लिक आपोआप रेषेच्या टोकाला चिकटवणारी सोय) चालू ठेवून टोकावरच क्लिक करा. त्या वेळी 'फ्री स्नॅप' आणि 'ग्रिड स्नॅप' बंद असू द्या, नाहीतर क्लिक शेजारच्या जागेवर पडतो.

कापाच्या रुंदीसाठी तुम्ही स्वतः माप वाढवू किंवा कमी करू नका. तयार भाग जेवढा हवा तेवढाच काढा. भरपाई आम्ही मशीनवर देतो. दोघांनी दिली तर भाग चुकतो.

पाठवण्याआधी तपासा

'इन्फो' मेनूमध्ये 'डिस्टन्स पॉइंट टू पॉइंट' आहे. टोकाचा स्नॅप चालू ठेवून दोन टोकांवर क्लिक करा, अंतर कमांड लाइनच्या पट्टीत येईल. रेषेवर दिसणाऱ्या डायमेन्शनपेक्षा या आकड्यावर विश्वास ठेवा, कारण तो कोणी हाताने बदललेला नसतो. 'युनिट्स' टॅबमध्ये दशांशाची अचूकता तीन-चार अंकांपर्यंत वाढवून ठेवा. दोनच अंक दाखवले तर ९९.९९६ सुद्धा १००.०० असं दिसतं.

त्याच मेनूतलं क्षेत्रफळाचं साधनही उपयोगी आहे. वरच्या गसेटचं क्षेत्रफळ ७३८७.५ चौरस मिलिमीटर येतं. ५ मिलिमीटरच्या एमएस (माइल्ड स्टील) पत्र्यात, घनता ७.८५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरून, एका नगाचं वजन सुमारे २९० ग्रॅम. परिमिती साधारण ४२१.५ मिलिमीटर. कापाची लांबी आणि वजन हे दोन आकडे हाताशी असले की आमचं कोटेशन तुम्हाला स्वतः पडताळता येतं, आणि ते तुम्ही पडताळावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

कॉपी-पेस्ट करताना एकावर एक बसलेल्या जोडरेषा राहून जातात. पडद्यावर रेष एकच दिसते, मशीन दोनदा कापतं आणि कड जळते. शंका आली तर एक रेष निवडून पुसून बघा. खाली दुसरी उरली तर ती जोडरेष होती. डायमेन्शन आणि मजकूर वेगळ्या लेअरवर ठेवा, म्हणजे कापायच्या रेषांत ते मिसळत नाहीत.

फाइलबरोबर काय लिहावं

पत्र्याचा प्रकार, जाडी, नग आणि 'सर्व मापे मिलिमीटरमध्ये' एवढं लिहा. शेवटचं वाक्य लिहायला विसरू नका. जुन्या प्रकारच्या डीएक्सएफमध्ये एकक नोंदलेलं नसतं, तिथे १५० हा नुसता आकडा असतो. शिवाय एका मापाचं नाव सांगा, उदाहरणार्थ 'लांब बाजू १५०'. फाइल उघडल्यावर आम्ही आधी तेच माप घेतो आणि जुळलं तरच पत्रा मशीनवर चढवतो.

ड्रॉइंग काढणं जमत नसेल तर वहीच्या पानावर हाताने आकृती काढा, प्रत्येक बाजूचं माप आणि एकक लिहा आणि फोटो पाठवा. आम्ही फाइल तयार करून तुम्हाला परत पाठवतो. तुमचा होकार आल्याशिवाय कापत नाही.